पिंगळ्याचं बलुतं

जानेवारीत चार दिवस घरी गेले होते. दुसऱ्याच दिवशी आईचा रोजच्या वापरातला स्टीलचा वाडगा माझ्यामुळे कायमचा बाद झाला. त्यात मी पिंगळ्याची उलटी भिजत घातली होती.

थांबा, पान उलटू नका. नाश्ता चालू असेल तर फार तर दहा मिनिटांनी वाचा.

आमचं घर मंगळवेढा तालुक्यात, गावापासून जरा बाजूला, वस्तीवर. दारात कडुलिंब आहे. आम्ही त्याला नुसतं लिंब म्हणतो. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे की त्यांच्या लहानपणीही तो एवढाच होता. (झाडांबद्दल सगळेच आजोबा असं सांगतात.) त्याच्या खोडात दोन पुरुष उंचीवर ढोली आहे आणि त्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. राहायची. त्याकडे येतेच.

पिंगळा म्हणजे आपलं छोटं घुबड. साळुंकीएवढं, अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे. संध्याकाळी ढोलीच्या तोंडाशी बसून मान वर-खाली करत तुमच्याकडे असं बघतं, की जणू घरभाडं तुमचंच थकलंय. घुबडांना चावायला दात नसतात. लहान उंदीर असेल तर ती अख्खा गिळतात. मांस पचतं, पण हाडं, केस, किड्यांची कवचं पचत नाहीत. पोटात त्यांची घट्ट गोळी बनते आणि काही तासांनी ती तोंडावाटे बाहेर टाकली जाते. लिंबाखाली अंगठ्याच्या पेराएवढ्या अशा करड्या गोळ्या पडलेल्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं ती मांजराची शी आहे. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं आणि कळलं, की हा त्या पक्ष्याच्या जेवणाचा हिशेब आहे. रोजच्या रोज लिहिलेला आणि कुठल्याही कारखान्याच्या काटापावतीपेक्षा खरा.

तर अकरा गोळ्या कोमट पाण्यात भिजवल्या आणि शिवणकामाच्या सुईनं सोडवल्या. उंदरांचे पाच खालचे जबडे निघाले. उंदराचे पुढचे दात पिवळट नारिंगी असतात, त्यामुळे लगेच ओळखू येतात. पालीचा एक जबडा. बाकी सगळा किड्यांचा ऐवज होता. भुंग्यांची चकचकीत कवचं, नाकतोड्यांचे करवतीसारखे पाय, आणि कशाचे ते न कळणारे तुकडे.

आई मागून आली. "हे काय गं?"

"उंदराचा जबडा."

"माझ्या वाडग्यात?" आणि मग दोन सेकंद थांबून, "आपल्या घरातला का शेतातला?"

हा प्रश्न मला फार आवडला. कारण सोप्यात ज्वारीची पोती कुरतडली गेली की आई ज्याच्या नावानं बोटं मोडते तो उंदीर, आणि रात्री लिंबावरून झेप घेणाऱ्या पाखराचं जेवण, हे एकच आहे हे तिला त्या क्षणी दिसलं होतं. मला वाटतं, आपल्यापैकी बहुतेकांना हे दिसलेलंच नाही. पक्षी म्हणजे एक तर फोटो काढायची गोष्ट किंवा पीक खाणारी गोष्ट. ते आपल्या घराभोवती रोज काम करतात, हे कुणाच्या गावीही नसतं.

ते काम कसं चालतं ते एकदा अंगणात खाट टाकून बघा. आमच्या वस्तीवर अक्षरशः शिफ्ट लागलेल्या असतात. तांबडं फुटायच्या आधी कोतवाल बोलायला लागतो. काळा कुळकुळीत, शेपटी दुभंगलेली. तो म्हशीच्या पाठीवर बसतो. म्हैस चालली की गवतातून नाकतोडे, चतुर, पतंग उडतात आणि हा ते हवेतच टिपतो. कुळव चालू असला की मागून गायबगळे आणि साळुंक्या. माती उलटली की वर येणारी अळी, कोष, हुमणी हे सगळं त्यांचं. सातभाई पालापाचोळा उलटापालटा करत परसात कलकलाट करतात. दुपारी तारेवर वेडे राघू. संध्याकाळी हुदहुद आपली लांब चोच भुसभुशीत मातीत खुपसून खालची अळी उपसून काढतो. दिवसभर पिकावर कापशी हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि दगडासारखी खाली येते. ती आली की समजायचं, खाली उंदीर होता. अंधार पडला की पिंगळा. आणि देवळाच्या शिखरात एक गव्हाणी घुबड आहे, पांढऱ्या बदामासारख्या तोंडाचं. ते रात्री आवाज न करता अंगणावरून जातं. आवाज न करता म्हणजे खरंच आवाज न करता. त्याच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असतात, त्यामुळे हवा कापल्याचा सूं असा आवाजच होत नाही.

साळुंकीचं शास्त्रीय नाव ऍक्रिडोथेरस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ टोळांचा शिकारी. नाव ठेवणाऱ्यानं ती शेतात काय करते हे बघूनच ठेवलं असणार. आपण तिला हॉस्टेलच्या खिडकीत पोहे खाताना बघतो म्हणून आपल्याला ती भिकारी वाटते.

आता वाईट भाग.

दिवाळीनंतर घरात उंदीर फार झाले होते. दादाचं लग्न ठरलेलं, त्यासाठी आणलेल्या सामानाची खोकी सोप्यात, वर यंदाची पोती. पप्पांनी तालुक्याच्या दुकानातून विषाच्या वड्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "हे जुन्यासारखं नाही, ह्यानं उंदीर घरात मरत नाही, बाहेर जाऊन मरतो." हे वाक्य पप्पांनी मला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं.

ते वाक्य नीट वाचा. जुनं विष म्हणजे झिंक फॉस्फाईड. ते पोटात गेलं की वायू तयार होतो आणि उंदीर लवकर मरतो. पण उंदीर हुशार. थोडं चाखून मळमळल्यावर ते त्या आमिषाला पुन्हा शिवत नाहीत. म्हणून ब्रोमॅडिओलोनसारखी औषधं आली. ती रक्त गोठू देत नाहीत. खाल्ल्या खाल्ल्या उंदराला काहीच होत नाही, त्यामुळे त्याला संशयही येत नाही. मग तीन-चार-पाच दिवस तो आतून रक्तस्राव होत सुस्त, बावचळलेला, उघड्यावर फिरत राहतो. पाणी शोधत बाहेर येतो. दिवसासुद्धा.

आणि बाहेर कोण बसलंय? ज्याला सुस्त उंदीर म्हणजे आयतं ताट वाटतं, तो.

डिसेंबरच्या एका सकाळी आईला गुरांच्या पाण्याच्या टाकीपाशी एक पिंगळा मेलेला सापडला. चोचीजवळ रक्ताचा सुकलेला थेंब. तिनं मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मांजरानं धरलं असेल का?" अंगावर जखम नव्हती. पिसं जागेवर होती. त्याला प्रयोगशाळेत नेऊन तपासायला ना कुणाला वेळ होता ना पत्ता माहीत होता. पप्पांनी खड्डा काढून पुरला. मी पुण्यात खोलीवर बसून तो फोटो मोठा करून बघत राहिले. पप्पांचा राग येत नव्हता, हीच पंचाईत होती. त्यांनी दुकानात जे मिळतं ते आणलं. उंदीर मारणारं घुबड दुकानात मिळत नाही.

पण हा सौदा किती तोट्याचा आहे ते बघा. उंदराच्या मादीला गाभण राहिल्यापासून पिल्लं व्हायला तीन आठवडे लागतात. एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज. ती पिल्लं दोन-अडीच महिन्यांत स्वतः आईबाप. पिंगळा वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, तीन-चार अंडी घालतो. त्यातली किती जगतात हा वेगळा प्रश्न. म्हणजे विष टाकलं की उंदीरही मरतात आणि पिंगळाही. पण परत कोण येतं? आधी उंदीर. बऱ्याच दिवसांनी, जमलं तर, जागा राहिली तर, पिंगळा. मधल्या काळात उंदरांना रान मोकळं. मग पुन्हा विष. विष विकणाऱ्याच्या दृष्टीनं यापेक्षा चांगला धंदा नाही. गिऱ्हाइकाच्या घरचा फुकटचा राखणदार त्याच्याच हातून मारवायचा आणि मग त्या राखणदाराचं काम आपण पैसे घेऊन करायचं, तेही अर्धवट.

हे माझं भावनिक होणं आहे असं वाटत असेल तर इस्राएलचं उदाहरण घ्या. तिथल्या बेत शआन खोऱ्यात, स्दे एलियाहू नावाच्या सामुदायिक शेतीच्या वसाहतीत १९८३ पासून शेतात गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या लावायला सुरुवात झाली. योसी लेशेम हे पक्षिशास्त्रज्ञ त्यामागे होते. आज देशभर अशा हजारो पेट्या आहेत. पुढे शेजारचा जॉर्डनही त्यात आला, कारण घुबड सीमा पाळत नाही आणि उंदीरही नाही. मला त्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही, की जॉर्डनमध्येही घुबड अपशकुनी मानतात. तिथल्या शेतकऱ्यांना आधी ती भीती ओलांडावी लागली. मलेशियात पामतेलाच्या बागांमध्येही घुबडांच्या पेट्या लावतात. तिथे कोणाला पक्षिप्रेमाचा उमाळा आलेला नाही. उंदीर पामची फळं खातात आणि हिशेब जुळतो, एवढंच.

अपशकुनाचं निघालंच आहे तर आज्जीबद्दल सांगते.

आप्पा गेल्या वर्षी गेले. त्या रात्री पिंगळा ओरडत होता. तो रोजच ओरडायचा. पण माणूस जातं त्या रात्रीचं सगळं लक्षात राहतं. कुत्रं कुठं रडलं, दिवा कधी गेला, कोण काय म्हणालं. आज्जीच्या लेखी तेव्हापासून हिशेब पक्का आहे. "त्यानंच नेलं तुझ्या आप्पाला." आता यावर तुम्ही काय बोलाल? मी एकदा शहाणपणा करून म्हणाले, "आज्जी, लक्ष्मीचं वाहन आहे ते." ती म्हणाली, "मग लक्ष्मी न्हाई आली ती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सत्तर वर्षांच्या बाईला तिच्या नवऱ्याच्या मरणाची दुसरी गोष्ट मी कोण सांगणार?

पण एक सांगते. पिंगळा मेला तेव्हा ती खड्ड्यापाशी आली होती आणि म्हणाली, "आता दुसरं एकटं काय करंल?" मला वाटतं तिला त्या पाखराबद्दल जे वाटतं ते अंधश्रद्धा या एका शब्दात बसवणं हा आपला, शिकलेल्यांचा, आळस आहे. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशननं २०१८ पासून उलूक उत्सव सुरू केला. शाळेची पोरं घुबडांची चित्रं काढतात, मुखवटे करतात, नाटकं बसवतात. मला ती पद्धत पटते. आजीला चुकीचं ठरवायचं नाही, नातवाला नवी आठवण द्यायची. बाकी घुबड वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्याला पकडणं, विकणं गुन्हा आहे, आणि तरीही दिवाळीच्या आसपास अंधश्रद्धेपोटी त्यांचा व्यापार होतो. त्यावर बोलायला दुसरा लेख लागेल.

आता पप्पांची बाजू. ती नाही मांडली तर हा लेख वाचून ते मला फोन करतील.

पप्पा म्हणतात, "तुझी पाखरं अळ्या खातात ते बरोबर. पण ज्वारी खातात ते कोण भरून देणार?" आमच्याकडे हा प्रश्न चेष्टेचा नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. पण कणीस दाण्यात आलं की भोरड्या येतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, हजारोंच्या थव्यानं. संध्याकाळी आकाशात त्यांचा थवा पिळवटल्यासारखा फिरतो त्याचे रील तुम्ही पाहिलेच असतील, लाखो लाइक्सवाले. त्या रीलच्या खाली जे रान आहे, तिथे पप्पा डबा वाजवत उभे असतात. पूर्वी घरटी माणसं होती. पोरं माळ्यावर चढून गोफण फिरवायची, हुरडा खायची, राखण व्हायची. आता पोरं माझ्यासारखी पुण्यात. मजूर लावायचा तर परवडत नाही. आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी ऊस केला, त्यामुळे ज्याची ज्वारी उरली त्याच्यावर सगळ्या गावाची पाखरं. पप्पांचं म्हणणं असं, की ज्वारी टिकवणाऱ्याला हा दंड आहे. मला यात खोट काढता येत नाही.

गंमत अशी, की हीच भोरडी मध्य आशियातून आपल्याकडे हिवाळा काढायला येते. तिकडे चीनच्या शिनजियांगमध्ये ती अंडी घालते आणि पिल्लांना टोळ भरवते. तिथल्या कुरणांवर टोळांचा त्रास म्हणून लोकांनी तिच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचले, घरटी बांधून दिली. आणि हा तोच चीन. १९५८ साली याच देशानं उंदीर, माश्या, डास यांच्या जोडीला चिमण्यांनाही शत्रू ठरवलं होतं. ताटं-पातेली बडवून त्यांना खाली बसू दिलं नाही, त्या दमून मेल्या. दाणे वाचतील असा हिशेब होता. किडे वाढले. १९६० साली यादीतून चिमणी काढून तिथे ढेकूण घातला. तोपर्यंत दुष्काळ सुरू झाला होता, त्याच्या अनेक कारणांतलं हे एक. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तेच पुढे भोरड्यांना घर बांधून देऊ लागले, हे फार कमी जणांना माहीत असतं.

म्हणजे एकच पाखरू एका देशात नोकरीला आणि दुसऱ्या देशात चोर. मला यावर आप्पांचं एक बोलणं आठवतं. ज्वारी काढायची झाली की बांधाकडेच्या दोन ओळी ते तशाच सोडायचे. विचारलं की म्हणायचे, "ते पाखरांचं बलुतं." आता बलुतेदारी ही काही गौरवायची गोष्ट नाही. कुणाच्या वाट्याला कुठलं काम आलं आणि त्याचा मोबदला म्हणून काय हातावर टेकवलं गेलं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. पण आप्पांच्या त्या वाक्यात एक सरळ व्यवहार होता. जो वर्षभर काम करतो तो खळ्यावर येऊन आपला वाटा मागणार. काम करून घ्यायचं आणि वाट्याची वेळ आली की चोर म्हणायचं, असं नाही चालत.

आपण हा व्यवहार मोडलाय, असं माझं म्हणणं आहे. पाखरांचा वाटा म्हणजे फक्त दाणे नव्हेत. त्यांना ढोली लागते, बांधावरची बाभूळ लागते, बोरीचं झुडूप लागतं, बसायला उंच जागा लागते. आमचं जुनं घर माळवदाचं होतं. तुळयांच्या फटीत चिमण्या होत्या. स्लॅब टाकला, चिमण्या गेल्या. बांध कोरून दोन तास जास्त पेरले, बाभळी गेल्या. आणि वर विष. राहायला जागा नाही, खाल्लेल्या घासात विष, आणि अपेक्षा अशी की त्यांनी आमच्या हरभऱ्यातली घाटेअळी वेचावी.

घाटेअळीवरून आठवलं. आपल्याकडची कृषी विद्यापीठं कितीतरी वर्षं सांगतायत, की हरभऱ्यात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे लावा. साध्या काठीवर आडवी काठी. कोतवाल, साळुंक्या त्यावर बसतात आणि अळ्या वेचतात. पेरतानाच थोडे ज्वारीचे दाणे मिसळा असंही सांगतात, म्हणजे ती ताटं उंच वाढून आपोआप थांबे होतात. खर्च शून्याच्या जवळ. मागच्या वर्षी आम्ही लावले. पहिले आठ दिवस कुणीच बसलं नाही, शेजारचे काका विचारायचे, "धुणं वाळत घालणार का?" मग एका सकाळी चार कोतवाल ओळीनं बसलेले दिसले. पप्पा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी आणखी सात काठ्या रोवल्या.

एक भाबडेपणा मात्र टाळूया. पक्षी सगळं करतील असं नाही. कपाशीची गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, तिथे कोतवालाची चोच पोचत नाही. मावा, तुडतुडे यांच्यासाठी त्यांच्या भरवशावर बसून राहिलात तर पीक गेलं. घरातले उंदीरही पूर्ण संपणार नाहीत. शिकारी कधी आपलं भक्ष्य संपवत नसतो, नाहीतर तोच उपाशी मरेल. पक्षी इकडून उचलून तिकडे नेऊन सोडणं हेही धोक्याचं. १७६२ साली मॉरिशसमध्ये टोळांसाठी भारतातून साळुंक्या नेल्या. पुढे ऑस्ट्रेलियातही किडे खाण्यासाठी नेल्या. तिथे त्या आता इतर पक्ष्यांची घरटी बळकावतात आणि जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आपल्या साळुंकीचं नाव आहे. जिथली पाखरं तिथेच, त्यांच्या ओळखीच्या झाडावर. तिथे ती काम करतात.

म्हणून मला वीस मार्चच्या चिमणी दिनाला बाल्कनीत प्लास्टिकचं घरटं टांगून स्टोरी टाकणाऱ्या आपल्या पिढीला थोडं टोचावंसं वाटतं. मीही टांगलंय, म्हणून हक्कानं. चिमणीच्या पिल्लाला तुमचा तांदूळ नको असतो. पहिले काही दिवस त्याला मऊ अळ्या, किडे लागतात. आई-बाप दिवसातून शेकडो खेपा त्यासाठीच करतात. घराभोवती फवारून किडाच शिल्लक ठेवला नाही तर घरटं टांगून काय उपयोग? पाण्याचं भांडं ठेवा, जरूर ठेवा. पण गावाकडे फोन करून एवढं विचारा, की घरात उंदरांसाठी काय टाकताय. सापळा लावता येतो. पोती जमिनीपासून वर, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवता येतात. पत्र्याच्या कोठ्या येतात. दाराखालची फट बुजवता येते. विष सगळ्यात शेवटी, आणि टाकलंच तर रोज सकाळ-संध्याकाळ मेलेले, सुस्तावलेले उंदीर शोधून खोल पुरायचे. हे कंटाळवाणं काम आहे. याचं रील होत नाही.

आम्ही घरी हे सगळं केलं का? अर्धंमुर्धं. पप्पांनी वड्या बंद केल्या, दोन पिंजरे आणले. पहिल्या रात्री पिंजऱ्यात आज्जीची चप्पल अडकली. मी यूट्यूब बघून गव्हाणी घुबडासाठी लाकडी पेटी केली आणि गोठ्याच्या आढ्याला टांगली. घुबड काही आलं नाही. साळुंक्यांनी संसार थाटला. भाडेकरू बदलला, एवढंच.

मोठा प्रश्न अजून तसाच आहे. दादाच्या लग्नाआधी दारात एक स्लॅबची खोली काढायची आहे आणि लिंब बरोबर तिच्या पायात येतो. खोली दोन फूट मागे सरकवली तर झाड वाचतं, पण मग गोठ्याचं दार अडतं. दादा म्हणतो, "एका पाखरासाठी गोठा पाडू का?" त्याला नवीन बायकोला स्वतंत्र खोली द्यायची आहे, आणि त्याचंही खोटं नाही. पप्पा दोन वेळा टेप घेऊन मोजून आले. गवंडी पुढच्या मंगळवारी येणार आहे.

काल रात्री आईला फोन केला होता. बोलता बोलता ती थांबली आणि फोन अंगणात नेला. मागं पिंगळ्याची चिरचिर ऐकू आली. एकाचीच आहे का दोघांची, ते मला पुण्यातून कळेना. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "थांब, आज्जीला विचारते. तिला कळतं."